नौकांतील एंजिन-प्रतिस्थापन

नौकेत किंवा जहाजात मूळ बांधणीच्या वेळी बसविलेले एंजिन काढून त्याच्या जागी वेगळ्या बनावटीचे वा वेगळ्या प्रकारचे एंजिन बसविणे आणि त्याबरोबरच एंजिनाची शक्ती प्रचालकापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा बदलणे, या क्रियेस एंजिन-प्रतिस्थापन म्हणतात. एंजिनाची दुरुस्ती करणे किंवा त्याच बनावटीचे नवे एंजिन बसविणे यांहून ही क्रिया वेगळी आहे. बनावट बदलली की एंजिनाच्या फेऱ्यांची गती, वजन, आकारमान, दंडाची उंची, ते थंड ठेवण्याची व धूर बाहेर टाकण्याची व्यवस्था ही सर्वच बदलतात. त्यामुळे वरकरणी एका यंत्राची अदलाबदल वाटणारे हे काम प्रत्यक्षात नौकेच्या बऱ्याच भागाची पुनर्रचना ठरते. अशा प्रतिस्थापनांचा इतिहास पाहिल्यास एक गोष्ट वारंवार आढळते : एंजिन, दंतचक्रे, दंड, प्रचालक व सांगाडा या एकाच साखळीच्या कड्या असून त्यांतील एक बदलली की उरलेल्यांची जुळणी नव्याने करावी लागते. ही जुळणी जेथे साधली तेथे जुन्या नौकांना दुसरे आयुष्य लाभले. जेथे ती साधली नाही तेथे अधिक चांगले एंजिनही निरुपयोगी ठरले.

प्रतिस्थापनाची कारणे : मूळ कारण असे की, नौकेचा सांगाडा व तिचे एंजिन यांचे आयुष्य सारखे नसते. चांगला बांधलेला लोखंडी, पोलादी किंवा सागवानी सांगाडा कित्येक दशके टिकतो. एंजिनाचे हलते भाग मात्र झिजतात आणि ते झिजण्यापूर्वीच त्यांची रचना कालबाह्य होण्याचा संभव असतो. याखेरीज इंधनाच्या किंमती वाढणे, सुटे भाग मिळेनासे होणे, उत्पादक संस्था बंद पडणे, युद्धामुळे पुरवठा तुटणे किंवा नौकेचा उपयोगच बदलणे, अशा कारणांनीही प्रतिस्थापन करावे लागते.

ग्रेट ब्रिटन जहाज : या विषयातील आरंभीचे व बोधप्रद उदाहरण म्हणजे इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल या इंग्रज अभियंत्याने आखलेले ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज होय. त्याची बांधणी ब्रिस्टल येथे १८३९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते दोन्ही बाजूंच्या वल्हेचक्रांनी चालवावयाचे ठरले होते. १८४० मध्ये ‘आर्किमिडीज’ ही मळसूत्री प्रचालकावर चालणारी लहान आगबोट ब्रिस्टल येथे आली. तिच्यावर चाचण्या घेतल्यानंतर ब्रूनेल यांनी वल्हेचक्रांचा बेत सोडून मळसूत्री प्रचालक स्वीकारला. वल्हेचक्रांसाठी योजलेले एंजिन या कामी उपयोगाचे नव्हते, म्हणून तेही रद्द करावे लागले. अशा रीतीने या जहाजाच्या यांत्रिक सामग्रीत पहिला बदल ते पाण्यात उतरण्यापूर्वीच झाला.

१८४३ मध्ये जलावतरण झालेल्या या जहाजात चार सिलिंडरांचे प्रचंड वाफ एंजिन होते. प्रत्येक सिलिंडराचा व्यास सु. २.२ मी. होता. हे एंजिन मिनिटास सु. १८ फेरे करी. मळसूत्री प्रचालकाला मात्र त्याच्या जवळजवळ तिप्पट गती आवश्यक होती. ही तफावत भरून काढण्यासाठी एंजिनाच्या दंडावरील मोठ्या चाकावरून खालच्या लहान चाकावर जाणाऱ्या दातेरी साखळ्या वापरल्या होत्या. प्रारंभीच्या सफरींत सहा पात्यांच्या प्रचालकाची पाती तुटली व त्याच्या जागी चार पात्यांचा प्रचालक बसविण्यात आला. सप्टेंबर १८४६ मध्ये जहाज आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात रुतले आणि जवळजवळ वर्षभर तेथेच अडकून राहिले. त्यात कंपनी डबघाईला आली व जहाज विकले गेले.

नव्या मालकांना ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या स्थलांतरितांची वाहतूक करावयाची होती. एवढ्या लांबच्या प्रवासात मूळ एंजिनाची कोळशाची भूक परवडणारी नव्हती. त्यांनी जुने यंत्र काढून टाकले व ग्रिनिच येथील जॉन पेन यांच्या कारखान्याचे, दोलायमान सिलिंडरांचे दोन-सिलिंडरी एंजिन बसविले. ते मूळच्यापेक्षा लहान व कमी शक्तीचे होते आणि त्याची बाष्पित्रे अधिक दाबाची होती. साखळ्यांच्या जागी दंतचक्रे आली. शिडांवर अधिक भर देऊन एंजिनाकडे साहाय्यक भूमिका सोपविण्यात आली. या सामग्रीनिशी जहाज १८५२ मध्ये मेलबर्नला गेले व पुढे सु. पाव शतक त्या मार्गावर चालत राहिले. १८५७ च्या उठावाच्या वेळी ब्रिटिश घोडदळाच्या तुकड्या घेऊन ते मुंबई बंदरातही आले होते. १८८२ मध्ये एंजिन पूर्णपणे काढून त्याचे मालवाहू शिडाचे जहाज करण्यात आले. १८८६ मध्ये फॉकलंड बेटांच्या आश्रयास गेल्यावर त्याचा कोठारासारखा उपयोग झाला. १९३७ मध्ये ते तेथेच उथळ पाण्यात सोडून देण्यात आले आणि १९७० मध्ये तरंगत्या मंचावरून ब्रिस्टलला परत आणण्यात आले. आज तेथे जतन केलेल्या या जहाजातील यंत्र ही मूळ एंजिनाची प्रतिकृती आहे. एंजिने आली व गेली, सांगाडा मात्र सर्वांना पुरून उरला.

या प्रतिस्थापनात कमी शक्तीचे एंजिन मुद्दाम पत्करले गेले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जहाजाचे काम बदलले होते आणि कामाला जुळणारे एंजिन हेच अधिक चांगले एंजिन ठरले.

टर्बिनिया व प्रचालकाचा प्रश्न : एंजिन उत्तम असूनही साखळीतील शेवटची कडी कमकुवत असल्यास काय होते, हे सर चार्ल्‌स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या प्रायोगिक नौकेने दाखवून दिले. सु. ३१ मी. लांबीच्या या नौकेत १८९४ मध्ये एकच वाफ टरबाइन व एकच दंड होता. टरबाइन अपेक्षेप्रमाणे फिरत असूनही नौकेचा वेग २० नॉटच्या आतच राहिला. पार्सन्स यांनी अनेक प्रकारचे प्रचालक लावून पाहिले, परंतु विशेष फरक पडला नाही. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या पाठीमागे दाब घटून पाण्यात बाष्पाच्या पोकळ्या निर्माण होत होत्या आणि पाती जणू पाण्याऐवजी पोकळीतच फिरत होती. पोकळीभवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आविष्काराचा पार्सन्स यांनी काचेच्या खिडक्या असलेल्या लहान जलकुंडात अभ्यास केला.

त्यावरील उपाय म्हणून त्यांनी मूळ टरबाइन काढून टाकले. वाफ क्रमाने एकातून दुसऱ्यात जाईल अशी उच्च, मध्यम व नीच दाबाची तीन टरबाइने तीन दंडांना जोडली व प्रत्येक दंडावर तीन याप्रमाणे नऊ प्रचालक बसविले. एका प्रचालकावरील भार अशा रीतीने वाटला गेला. सांगाडा तोच असताना वेग ३४ नॉटच्या पुढे गेला. जून १८९७ मध्ये स्पिटहेड येथील आरमारी संचलनात या नौकेला कोणतीही पहारेकरी नौका गाठू शकली नाही. त्यानंतर काही वर्षांतच ब्रिटिश आरमाराने वाफ टरबाइन स्वीकारले.

युद्धकालीन प्रतिस्थापन : वरील उदाहरणांत बदल स्वेच्छेने केले होते. दुसऱ्या महायुद्धात ते सक्तीने करावे लागले. ब्रिटनच्या व्हॉस्पर कंपनीने बांधलेल्या वेगवान पाणतीर नौका इझोता फ्रास्कीनी या इटालियन कंपनीच्या पेट्रोल एंजिनांवर आधारलेल्या होत्या. अशी तीन एंजिने प्रत्येक नौकेत असत व प्रत्येकाची शक्ती १,००० अश्वशक्तीहून अधिक होती. १० जून १९४० रोजी इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि ज्या नौकांनी शत्रूशी लढावयाचे त्यांची एंजिनेच शत्रूच्या देशात तयार होतात, अशी स्थिती उद्‌भवली. तातडीचा उपाय म्हणून अमेरिकेतील हॉल-स्कॉट कंपनीची एंजिने बसविण्यात आली. ती विश्वसनीय होती, परंतु त्यांची शक्ती मूळ एंजिनांच्या जवळजवळ निम्मीच होती. पाण्याच्या पृष्ठावर उचलले जाऊन धावण्यासाठी आखलेला सांगाडा पुरेशी शक्ती नसल्यास पाण्यातच रुतून राहतो. या नौकांचा वेग त्यामुळे फार घटला व वेग हेच ज्यांचे संरक्षण होते त्या नौकांवरील नाविकांना ही उणीव प्रत्यक्ष लढाईत सोसावी लागली. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीची अधिक शक्तिमान एंजिने पुरेशा संख्येने मिळू लागल्यावरच हा प्रश्न सुटला.

लिबर्टी जहाजांवरील प्रयोग : एकाच नमुन्याच्या सांगाड्यात निरनिराळी एंजिने बसवून त्यांची तुलना करण्याचा पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेच्या सागरी प्रशासनाने १९५५ नंतरच्या काही वर्षांत केला. युद्धकाळात बांधलेल्या लिबर्टी जातीच्या मालवाहू जहाजांत मिनिटास सु. ७६ फेरे करणारे, २,५०० अश्वशक्तीचे त्रिप्रसरण वाफ एंजिन असे व त्यांचा वेग सु. ११ नॉट असे. त्यांपैकी ‘बेंजामिन च्यू’ या जहाजात वाफ टरबाइन, ‘टॉमस नेल्सन’मध्ये दंतचक्रयुक्त डीझेल एंजिने, ‘जॉन सार्जंट’मध्ये वायू टरबाइन व ‘विल्यम पॅटरसन’मध्ये मुक्त दट्ट्याच्या वायुजनित्रांवर चालणारे टरबाइन बसविण्यात आले.

वायू टरबाइन उलट दिशेने फिरविता येत नसल्याने ‘जॉन सार्जंट’ला पाती वळविता येणारा प्रचालक द्यावा लागला. अधिक वेगात लाटा कापता याव्यात म्हणून त्याची नाळही लांब व निमुळती करण्यात आली. म्हणजे एंजिन बदलताच एका टोकास प्रचालक व दुसऱ्या टोकास नाळ असे दोन्ही बदलावे लागले.

क्वीन एलिझाबेथ २ : प्रवासी जहाजांच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रतिस्थापन या जहाजाचे होय. क्लाइडबँक येथे बांधलेले हे जहाज १९६९ मध्ये अटलांटिक सेवेत दाखल झाले. त्याची वाफ टरबाइने दंतचक्रांच्या द्वारे दोन प्रचालक फिरवीत. चाचण्यांच्या वेळीच टरबाइनांची पाती निकामी होऊन जहाजाचे हस्तांतरण लांबले होते. पुढे १९७३ पासून खनिज तेलाच्या किंमती भडकल्यावर वाफेवर चालणारे एवढे मोठे जहाज चालविणे उत्तरोत्तर महाग होत गेले. सांगाडा मात्र सुस्थितीत होता.

ऑक्टोबर १९८६ मध्ये हे जहाज जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथील लॉइड व्हेर्फ्ट या गोदीत नेण्यात आले. तेथे बाष्पित्रे, टरबाइने व दंतचक्रे काढून प्रत्येकी सु. १०.५ मेगॅवॉट शक्तीची नऊ मान-बी अँड डब्ल्यू डीझेल एंजिने बसविण्यात आली. ही एंजिने प्रचालकांना थेट जोडलेली नव्हती. ती विद्युत् जनित्रे फिरवीत व त्या विजेवर प्रत्येकी ४४ मेगॅवॉट शक्तीची दोन चलित्रे प्रचालक दंड फिरवीत. एंजिन व दंड यांच्यामध्ये केबल आल्यामुळे एंजिने दंडाच्या रेषेतच बसविली पाहिजेत ही जुनी अट उरली नाही. आवश्यक तेवढीच एंजिने चालू ठेवता येऊ लागली. नऊ एंजिनांचे धूरनळ सामावण्यासाठी धुराडेही रुंद करावे लागले. सु. सहा महिन्यांच्या कामानंतर एप्रिल १९८७ मध्ये जहाज पुन्हा सेवेत आले. सु. २८.५ नॉट हा त्याचा नियोजित वेग कायम राहिला व इंधनखर्चात सु. ३५ टक्के बचत झाली.

तथापि हे प्रतिस्थापनही सर्वस्वी निर्दोष नव्हते. प्रचालकांच्या मागील पाण्यात वाया जाणारी ऊर्जा परत मिळविण्यासाठी त्यांच्या पाठीमागे मोकळेपणी फिरणारी, ग्रिम चक्रे या नावाची पातीयुक्त चक्रे बसविली होती. चाचण्यांतच त्यांची बहुतेक पाती तुटून पडली व ती चक्रे काढून टाकावी लागली. सु. शंभर मेगॅवॉटची सामग्री सुरळीत चालली, अडचण उद्‌भवली ती प्रचालकाच्या मागील पाण्यात. ‘टर्बिनिया’च्या अनुभवाची जवळजवळ शतकानंतर ही आठवणच होय. मुख्य सामग्रीने मात्र अपेक्षा पूर्ण केल्या. जहाज त्यापुढे आणखी एकवीस वर्षे चालले व २००८ मध्ये सेवेतून निवृत्त होऊन दुबईला गेले. २०१८ पासून त्याचे तरंगते हॉटेल झाले आहे.

लहान नौका : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजगी मोटर-नौकांचा प्रसार झाला आणि एंजिन-प्रतिस्थापन गोदीपुरते न राहता सामान्य नौकामालकाच्या दारी आले. १९५९ मध्ये व्हॉल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ ही रचना बाजारात आणली. तिच्यात एंजिन नौकेच्या आत असते व दंतचक्रे आणि प्रचालक असलेला भाग पिछाडीच्या उभ्या भिंतीबाहेर, सुकाणूप्रमाणे वळेल असा बसविलेला असतो. लवकरच अमेरिकेतील मर्क्रूझर व आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन यांनीही अशा यंत्रणा काढल्या. पुष्कळ वेळा या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रणांतील एंजिनाचा मूळ ठोकळा एकाच मोटारगाडी कारखान्यातून, म्हणजे जनरल मोटर्सकडून, आलेला असे. त्यामुळे एका कंपनीची यंत्रणा काढून दुसरीची बसविणे सोपे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात भेद एंजिनात नसून ते नौकेला कसे जोडले आहे यात असतो.

आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनच्या जुन्या रचनेत एंजिन व बाहेरील भाग यांचा भार नौकेच्या तळाशी असलेल्या लांब तुळयांवर असे. पिछाडीच्या भिंतीला मोठे भोक असून ते रबरी आवरणाने बंद केलेले असे. मर्क्रूझरच्या रचनेत बाहेरील भाग भिंतीलाच बोल्टांनी जखडलेला असतो व एंजिनाचे मागचे टोकही तिच्यावरच टेकलेले असते. म्हणून पहिली यंत्रणा काढून दुसरी बसविताना जुने भोक भरून काढणे, भिंत योग्य जाडीची व बळकट करणे, नव्या मापाचे भोक पाडणे आणि एंजिनाच्या पुढील आधारांची जागा बदलणे ही कामे करावी लागतात. भिंतीतील लाकूड पाणी मुरून कुजलेले असल्यास ते आधी बदलणे अपरिहार्य असते. डिसेंबर २००० मध्ये आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन दिवाळखोरीत निघाले, तेव्हा सुस्थितीतील सांगाडा पण बेवारस यंत्रणा अशा स्थितीतील असंख्य नौकांच्या मालकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. एंजिनाहून सुतारकामाचा व्याप मोठा, असा त्यांतील अनेकांचा अनुभव होता.

पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी नौका : १९५० नंतर तत्कालीन मुंबई राज्यात शिडांच्या पारंपरिक मासेमारी होड्यांत डीझेल एंजिने बसविण्यास सुरुवात झाली. सरकारी कर्जे व मच्छीमार सहकारी संस्था यांचे साहाय्य त्यास लाभले. येथे जुन्या एंजिनाच्या जागी नवे एंजिन आले नव्हते, तर वाऱ्याच्या जागी एंजिन आले होते. परंतु जुळणीचे प्रश्न तेच होते. शिडासाठी घडविलेल्या सांगाड्याच्या पिछाडीस दंडासाठी भोक पाडणे, एंजिनाचे हादरे सोसणारी बैठक घालणे व पिछाडीस पडलेल्या वजनामुळे बिघडलेला तोल सावरणे ही कामे स्थानिक सुतारांना करावी लागली. पुढे मालमोटारींच्या एंजिनांवर आधारलेली देशी नौ-एंजिनेही या नौकांत मोठ्या प्रमाणावर आली. यांत्रिकीकरणामुळे मच्छीमारांना दूरवर जाऊन ताजी मासळी वेळेवर बंदरात आणणे शक्य झाले. मात्र डोलकाठी व शीड नाहीसे झाल्यावर भर समुद्रात एंजिन बंद पडणे हे जीवावरचे संकट ठरू लागले. या नौकांच्या बाबतीत एंजिनाची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो.

जुळणीची तत्त्वे : प्रचालक फिरविण्यास लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या गतीच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गती दुप्पट करावयाची तर सु. आठपट शक्ती लागते. जुना प्रचालक नव्या एंजिनास जड गेल्यास एंजिन आपल्या ठराविक गतीपर्यंत पोहोचत नाही, काळा धूर ओकते व तापते. तो हलका असल्यास एंजिन मर्यादेबाहेर धावते. म्हणून नवे एंजिन निवडताना दंतचक्रांचे गुणोत्तर व प्रचालकाचा व्यास यांचा विचार एकत्रच करतात. दंड फिरण्याची दिशा बदलल्यास प्रचालकही बदलावा लागतो. दंड व एंजिन यांची रेषा काटेकोरपणे जुळविणे आवश्यक असते व ही जुळणी नौका पाण्यात असताना पुन्हा तपासतात, कारण पाण्यावर तरंगताना सांगाडा किंचित वाकतो. मोटारगाडीचे पेट्रोल एंजिन जसेच्या तसे नौकेत बसविणे धोक्याचे असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते व ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून नौ-एंजिनाचा प्रारंभक व इतर विद्युत् भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असे बंदिस्त असतात.

अलीकडील काळ : मे २००५ मध्ये अंमलात आलेल्या जहाजांपासूनच्या वायुप्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी या विषयास नवे परिमाण दिले. १३० किलोवॉटपेक्षा अधिक शक्तीचे डीझेल एंजिन काढून त्याच्या जागी तंतोतंत तसेच एंजिन बसविल्यास त्याकडे सामान्य दुरुस्तीप्रमाणे पाहिले जाते. बनावट वेगळी असल्यास तो मोठा बदल समजला जाऊन नव्या एंजिनास बदलाच्या वेळी लागू असलेल्या, अधिक कडक मर्यादा सामान्यतः पाळाव्या लागतात. दुसरीकडे विद्युत् घटांवर नौका चालविण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधील खाडी ओलांडणाऱ्या ‘टिको ब्राहे’ व ‘अरोरा’ या १९९०–९९ या दशकातील डीझेल-विद्युत् नौका २०१८ पासून मुख्यतः घटांवर चालू लागल्या. त्यांचे प्रचालक आधीपासूनच विजेच्या चलित्रांवर फिरत असल्याने ऊर्जेचा उगम बदलला, तरी साखळीच्या पुढील कड्यांना फारसा धक्का लागला नाही. ब्रूनेल यांच्या दातेरी साखळ्यांपासून या केबलपर्यंत साधने पालटली, परंतु शक्तीचा उगम व पाणी यांच्यामध्ये असलेल्या प्रत्येक दुव्याचा हिशेब ठेवणे ही प्रतिस्थापनाची अट पूर्वीइतकीच लागू आहे.